ईडीसी १६ ची ट्यूनिंग फाइल ईडीसी १७ मध्ये चालेल का?

नाही चालणार, दोन्ही बॉशचेच डिझेल ईसीयू (इंजिन चालवणारे संगणक) असले तरी आतलं हार्डवेअर वेगळं आहे. १६ मध्ये मोटोरोलाचा पॉवरपीसी प्रोसेसर, १७ मध्ये इन्फिनिऑनचा ट्रायकोअर. प्रोसेसर बदलला की कोडही बदलतो आणि मॅपचे (इंजिनच्या सेटिंगच्या तक्त्यांचे) पत्तेही. शिवाय १६ मध्ये फ्लॅश चिप (फाइल साठवणारी मेमरी) बोर्डवर वेगळी बसवलेली असते. १७ मध्ये ती बहुतेकदा प्रोसेसरच्या पोटातच, आणि वर आरएसए सहीची (फाइल अधिकृत आहे का हे पाहणाऱ्या डिजिटल सहीची) तपासणी, त्यामुळे नुसता चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे ताडण्याचा आकडा) दुरुस्त करून भागत नाही. मात्र दोन्हीकडे १७ असलं म्हणूनही फाइल बिनधास्त टाकू नका, कारण त्यातही टीसी१७६६, टीसी१७९७ असे वेगवेगळे प्रोसेसर येतात. लेबलवरचा ०२८१ ने सुरू होणारा हार्डवेअर नंबर आणि सॉफ्टवेअर नंबर, दोन्ही जुळवा. आधी मूळ फाइल वाचून जपून ठेवा.