टॅग डिझायनरच्या हातात द्या

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात वेबसाइटचं डिझाइन करते. सध्या एका चप्पल दुकानाचं काम आहे. चाळीस पानं आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पानावर तेच कार्ड येतं : फोटो, प्रकार, माप, भाव आणि 'चौकशी करा' हे बटण. कार्डात काही बदलायचं झालं की एकतर मी चाळीस पानांत कॉपी-पेस्ट करत बसते, नाहीतर आमच्या प्रोग्रॅमरची वाट बघते. तो म्हणतो, 'सगळं जावास्क्रिप्टमधून काढू, तुम्ही फक्त डिझाइनचं चित्र द्या.' मला एचटीएमएल (पानाची मांडणी) आणि सीएसएस (पानाचं रूप) चांगलं येतं, जावास्क्रिप्ट (प्रोग्रॅमिंग) येत नाही. कार्ड मीच पानात हव्या त्या जागी ठेवू शकेन, असं काही करता येईल का?

उत्तर : ताई, येईल. त्यासाठी काही विकत घ्यायला लागत नाही, ती सोय ब्राउझरमध्येच आहे. तुमच्या प्रोग्रॅमरने एकदा टॅग, म्हणजे कोनी कंसांत लिहायचं नाव, तयार करून द्यायचा आणि तुम्ही तो हवा तिथे, हवा तितक्या वेळा लिहायचा. मासिकासाठी नावं देवनागरीत देते, फाइलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहा :

<चप्पल-कार्ड प्रकार="कापशी" माप="८" भाव="१८००">
कापशी चप्पल, माप ८, भाव १८०० रुपये. चौकशीसाठी दुकानात फोन करा.
</चप्पल-कार्ड>

हा टॅग एचटीएमएलचा नाही, तुमच्या ऑफिसचा आहे. याला कस्टम एलिमेंट म्हणतात. प्रोग्रॅमर एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये ब्राउझरला सांगून ठेवतो, की या नावाचा टॅग दिसला की हा क्लास, म्हणजे कोडचा हा तुकडा, चालव. क्लास टॅगमधली प्रकार, माप, भाव ही तुमची अ‍ॅट्रिब्यूट वाचतो आणि त्या जागी फोटो-बटणासकट कार्ड मांडतो. क्रोममध्ये ही सोय आजच्या रूपात २०१६ साली आली, सफारीत २०१७, फायरफॉक्समध्ये २०१८ आणि एजमध्ये २०२० साली. म्हणजे आज गिऱ्हाईकाच्या हातातला स्वस्तातला स्मार्टफोनसुद्धा हे चालवतो.

नावात हायफन हवाच. हायफन नसलेली नावं एचटीएमएलच्या स्वतःच्या टॅगसाठी राखून ठेवली आहेत. त्यामुळे उद्या एचटीएमएलमध्ये 'कार्ड' नावाचा टॅग आला तरी तुमच्या 'चप्पल-कार्ड'शी त्याची टक्कर होणार नाही.

इथवर तुमचा प्रोग्रॅमर दहा मिनिटांत करून देईल. खरा वेळ लागतो तो अ‍ॅट्रिब्यूटची नावं ठरवायला, आणि तिथे त्याने तुमच्या शेजारी बसायला हवं.

माझे वडील उद्यमनगरात पॅटर्नमेकर होते. ते लाकडाचा पॅटर्न करून द्यायचे आणि फाउंड्रीतला मोल्डर तो वाळूत दाबून साचा घ्यायचा. मोल्डरला सुतारकाम येत नसे, पण वडील पॅटर्नला हात घालण्याआधी त्याला विचारायचे, 'कुठल्या बाजूनं उचलणार?' उचलायच्या दिशेला पॅटर्नला थोडा उतार ठेवला नाही, तर तो वर काढताना वाळूची कड ढासळते. टॅग करतानाही मी आधी हेच विचारते, की तो लिहिणारा माणूस कुठून उचलणार आहे.

हे विचारायला मी एका चुकीतून शिकले. २०१८ साली आम्हीही एका चप्पल दुकानासाठी असाच टॅग केला होता. अ‍ॅट्रिब्यूटचं नाव डेटाबेसमधून जसंच्या तसं उचललं, 'आयटम-कोड', आणि त्यात भरायचे आकडे : ७, ११, १४. आमच्या डिझायनरने कोडची यादी संगणकाच्या कडेला चिकटवून ठेवली होती. दसऱ्याच्या आधी, घाईच्या दिवसांत, तिने ७ च्या जागी ११ लिहिलं. कापशी आणि कुरुंदवाडी हे कोल्हापुरी चपलेचे दोन प्रकार. कार्डावर फोटो कापशीचा आणि खाली नाव, भाव कुरुंदवाडीचा. एका गिऱ्हाईकाने दुकानात येऊन मोबाइल दाखवला तेव्हा कळलं. तोवर चार दिवस गेले होते. दुकानदार मला म्हणाले, 'वैनी, कापशीचं कान बघा आन् कुरुंदवाडीचं बघा. आमच्याकडचं बारकं पोरगंबी ओळखतंय.' चूक त्या मुलीची नव्हती. टॅग मी मंजूर केला होता आणि चप्पल ओळखणाऱ्या माणसाच्या हातात मी आकडे दिले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही 'आयटम-कोड' काढून 'प्रकार' ठेवलं. 'कापशी' या शब्दाचा कोड कुठला, ते क्लास स्वतः शोधतो. यादीत नसलेला शब्द लिहिला तर कार्डाच्या जागी लाल चौकट येते आणि तीत लिहिलेलं असतं, की हा प्रकार यादीत नाही, यापैकी एक लिहा. ही लाल चौकट प्रोग्रॅमरकडून मागून घ्याच. गुपचूप रिकामं राहणारं कार्ड कुणाच्या लक्षात येत नाही.

पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची एक ओळ प्रत्येक कार्डाखाली टाका, असा दुकानातून फोन आला. एका फाइलमध्ये एक ओळ घातली आणि सगळ्या पानांवरची सगळी कार्डं बदलली. त्या दिवशी एकही पान उघडावं लागलं नाही.

आता टॅगच्या आतल्या मजकुराबद्दल. वरच्या उदाहरणात तेच प्रकार-माप-भाव पुन्हा साध्या वाक्यात लिहिलंय, ते मुद्दाम. पन्हाळ्याच्या वाटेवर नेट तुटलं आणि जावास्क्रिप्टची फाइल पोचलीच नाही, तर ब्राउझर अनोळखी टॅग सोडून देतो पण आतला मजकूर दाखवतो. गिऱ्हाईकाला निदान भाव तरी दिसतो. मी याबाबत कडक आहे : आत काहीच नसलेला टॅग मी पानात ठेवू देत नाही.

काही ठिकाणी तुम्ही नक्की अडखळाल, म्हणून सांगून ठेवते. 'टॅगला रुंदी दिली पण काही होत नाही' ही पहिली तक्रार असते. असा टॅग मुळात इनलाइन (ओळीतल्या शब्दासारखा) असतो, सीएसएसमध्ये त्याला डिस्प्ले ब्लॉक द्या. दुसरं म्हणजे, बंद करणारा टॅग पूर्ण लिहायचा. शेवटी तिरपी रेघ मारून एका दमात बंद केलेला टॅग एचटीएमएलच्या लेखी उघडाच राहतो आणि खालचं सगळं गिळतो. आमच्याकडे एकदा पानाचा तळभाग, पत्ता, नकाशा, सगळं पहिल्या कार्डाच्या पोटात गेलं होतं.

तिसरी गोष्ट प्रोग्रॅमरला दाखवा. स्क्रिप्ट पानाच्या डोक्यात (हेड भागात) साधी टाकली, तर उघडणारा टॅग वाचल्याबरोबर क्लास चालतो आणि तेव्हा आतला मजकूर ब्राउझरने वाचलेलाच नसतो. 'डिफर' (पान वाचून झाल्यावर चालव, असं सांगणारा शब्द) लावून टाकली की ही अडचण येत नाही. मॉड्यूल म्हणून टाकली तरी येत नाही, पण मग फाइल डबल-क्लिक करून उघडली तर क्रोम ती स्क्रिप्ट चालवत नाही. तुम्ही पान स्वतःच्या मशीनवर उघडून बघणार, म्हणून 'डिफर'च घ्या.

हे डबल-क्लिक मला फार मोलाचं वाटतं. मी २००५ साली हे काम जेएसपीवर, म्हणजे सर्व्हरवर पान तयार करणाऱ्या जावाच्या पद्धतीवर, शिकले. स्वतःचे टॅग करायची सोय जेएसपीत १९९९ पासूनच होती आणि ते टॅग सुरेख होते, पण ते सर्व्हरवर उलगडायचे. डिझायनरने तीच फाइल आपल्या मशीनवर उघडली की टॅगच्या जागी काही नाही. एक मार्जिन बदललं तरी 'सर्व्हर चालू करून दाखव रे' म्हणून दुसऱ्याच्या टेबलाशी जायचं. मी अशी दोन वर्षं जात होते. आज टॅग ब्राउझरमध्ये उलगडतो, तर ती ये-जा तुमच्या वाट्याला यायचं कारण नाही.

तुमचा प्रोग्रॅमर शॅडो डॉम वापरू म्हणेल. त्यात कार्डाच्या आतल्या भागाभोवती कुंपण पडतं आणि पानाचं सीएसएस आत शिरत नाही. फॉन्ट, मजकुराचा रंग यांसारख्या गोष्टी वारशाने आत जातात, सीएसएसमधली व्हेरिएबल्सही जातात, बाकीचं बाहेर थांबतं. दहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या साइटवर जाणाऱ्या टॅगला हे कुंपण हवंच. तुमच्याकडे मात्र कार्डाचं रूप तुम्हीच ठरवणार आहात आणि कुंपणाने तुमच्याच हातातलं सीएसएस अडेल. सुरुवात त्याच्याशिवाय करा.

आणि त्याला सांगा, की जावास्क्रिप्ट सगळं त्याचंच राहू दे. कार्ड कुठे बसणार, किती बसणार, कुठलं आधी दिसणार, हे मार्कअपमध्ये, म्हणजे तुमच्या एचटीएमएलमध्ये, राहू दे, कारण ते ठरवणं तुमचं काम आहे.

प्रश्न : माझी साइट सहा पानांची आहे. फक्त वरची पट्टी आणि तळभाग सगळीकडे सारखा आहे. त्यासाठी कस्टम एलिमेंट करू का? (इचलकरंजीहून)

उत्तर : नको. त्यात काही हलत नाही, गिऱ्हाईक काही निवडत नाही. तुमच्या होस्टिंगवर पीएचपी (सर्व्हरवर पान जुळवणारी भाषा) असेल तर पट्टी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, पानांच्या फाइली डॉट पीएचपी करा आणि इन्क्लूडची एक ओळ लिहा. पान पोचतानाच पट्टीसकट पोचेल.

प्रश्न : टॅगचं नाव मराठीत ठेवता येतं का?

उत्तर : अर्धं. पहिलं अक्षर इंग्रजी वर्णमालेतलं, लहान लिपीतलं लागतं आणि हायफन लागतो. त्यापुढे देवनागरी चालते. तरी मी ठेवत नाही. दर टॅगला कीबोर्ड दोनदा बदलावा लागतो आणि घाईत हात चुकतो. शब्द मात्र मराठीच घ्या : प्रकार, माप, भाव, इंग्रजी अक्षरांत लिहिलेले. अवतरणचिन्हांत भरायचे शब्द आणि आकडे बिनधास्त देवनागरीत लिहा, फक्त फाइल यूटीएफ-८ (देवनागरी नीट राहील अशी अक्षरांची पद्धत) मध्ये सेव्ह केली आहे ना, ते एकदा बघून घ्या.