तलावात पोहायला शिकलेली मुलं समुद्रात सुरक्षित असतात का?

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही नाशिकहून काशिदला जाताय. दहा आणि तेरा वर्षांची मुलं सावरकर जलतरण तलावात पोहायला शिकली आहेत, मग किनाऱ्यावर जीवरक्षक नसला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. मीही त्याच तलावात शिकलो, पुढे कित्येक वर्षं गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीत पोहलो, आणि तरीही समुद्रात बुडता बुडता वाचलो.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कमरेइतक्या पाण्यात उभा असताना पायाखालची वाळू सरकली आणि बघता बघता पाय टेकेनासे झाले. किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून हात मारत होतो, पण किनारा लांबच जात होता. शेवटी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक पोरगा ट्यूब घेऊन आला आणि त्यानं मला बाहेर काढलं. वाळूवर बसवल्यावर तो एवढंच म्हणाला, "उतरायच्या आधी विचारायचं होतंत."

झालं काय होतं, तर लाटांनी किनाऱ्याशी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात, म्हणजे बांधासारख्या उंचवट्यात, फट सापडली की तिथून ते जोरात समुद्रात आत जातं. या ओढीचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो; तिच्याविरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही टिकणार नाही. आणि ही जागा दिसते मात्र शांत. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात, मध्ये सपाट, गढूळसर पट्टा असतो. आईबाप मुलांना नेमके तिथेच उतरवतात.

मुलांना एवढं पक्कं शिकवा: ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. तिच्याशी झुंजायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं.

आपल्याकडे पूर आला की लोक गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी गुडघ्याला की छातीला. गंगापूर धरणातून विसर्ग वाढणार असला तर आधी इशारा मिळतो. समुद्रावर असा मारुती नाही. रोज ते पाणी बघणारा जीवरक्षक हीच तिथली खूण. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे दिसले तर त्यांच्या मधेच पोहायचं; नुसता लाल असेल तर उतरायचं नाही. प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक नसतो, संध्याकाळनंतर तर नसतोच. तो नसेल तर पाय भिजवून परत या. काशिदच्या पुढेच मुरूड आहे. तिथे १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले.

कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका, बुडणारा वाचवणाऱ्यालाच मिठी मारतो. मी गाडीत पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवतो, झाकण घट्ट लावलेला, नायलॉनची लांब दोरी बांधलेला. तो फेकायचा आणि ११२ ला फोन करायचा. बाहेर काढलेल्या माणसाचं पोट दाबणं, त्याला उलटं धरणं हे प्रकार करू नका. श्वास बंद असेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर दाब. जाण्यापूर्वी हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

आता तुमच्या तारखांचं. कोकणात भरतीचा साधा हिशेब असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती पुरी होते. अष्टमीला सहा, अमावास्येला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा, भाऊबीजेला (द्वितीया) दीड. तिथून सहाएक तास ओहोटी, आणि ओढ बहुधा ओहोटीतच वाढते. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे त्या दिवसांत उधाणही असणार. लोक जेवून दुपारी पाण्यात उतरतात, तेव्हाच पाणी आत जात असतं. तुम्ही मुलांना सकाळी न्या, आणि आधी त्या शिट्टीवाल्याला विचारा.