रेड डेड रिडेम्प्शन 2 परत खेळायचा का? खेळ भावा, पण घाई करू नको

भाऊ तू विचारलायस की एकदा पूर्ण केलेला रेड डेड 2 हा काउबॉय-दरोडेखोरांचा गेम परत टाकावा का, स्टोरी तर सगळी माहितीये. माझं सरळ म्हणणं, स्टोरी माहितीये म्हणूनच टाक. मी तीनदा संपवलाय. लातूरला सेकंडहँड पीएस4 घेतला तेव्हा त्याच्यासोबतच हा आला होता, दोन डिस्कचा, पहिली डिस्क इन्स्टॉल होईस्तोवर दोनदा लाईट गेली.

पहिल्यांदा आपण काय करतो, टोळीचा म्होरक्या डच काय म्हणायलाय, पुढचा दरोडा कुठं, एवढंच बघत पळतो. टोळीची सावकारी बघणाऱ्या स्ट्रॉसची वसुली म्हणजे मधलं किरकोळ काम वाटतं. थॉमस डाउन्स आठवतो का? आर्थर, म्हणजे आपण खेळतो तो गडी, या कर्जदाराच्या शेतावर जाऊन त्याला कुंपणाला धरून मारतो आणि तो माणूस खोकतो, रक्ताचे थेंब आर्थरच्या तोंडावर उडतात, आर्थर पुसतो आणि विषय संपला. टीबी तिथंच लागतो, पण आपल्याला ते कळतं पार पुढं सेंट डेनिस शहरातल्या डॉक्टरकडं. साल 1899. औषध नाहीच, स्ट्रेप्टोमायसिन निघालं 1943 ला. आमच्या आजोबाला टीबी झालता, सरकारी दवाखान्यातून सहा महिने गोळ्या खाऊन खडखडीत बरे झाले, त्यामुळं हे माझ्या जास्तच डोक्यात बसलं.

आता दुसऱ्यांदा खेळताना व्हॅलेंटाईन गावातली चिखलातली मारामारी नीट बघ. आर्थर त्या टॉमीला जिवे मारायच्या बेतात असतो तेव्हा जो बारकुळा माणूस मधी पडून सोडवतो ना, तो हाच डाउन्स! मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. नंतर त्याच्याच दारात वसुलीला जायचं आलं तर माझा अंगठा बटणावरच थांबला. लहानपणी आमच्या दारात सावकाराचा माणूस यायचा, माय आतनं कडी लावून आम्हा लेकरांना गप बसवायची. मी त्या दाराच्या आत बसलेलो पोरगं, आणि गेममधी बाहेरचा माणूस मीच. असं मला दुसऱ्या कुठल्याच गेमनं केलं नाही.

म्हणून सांगतो, सहाव्या चॅप्टरात स्ट्रॉसची राहिलेली वसुली सोडू नको. अ‍ॅन्सबर्गला नवरा मेलेल्या बाईकडं पैसे मागायला गेलेला आर्थर उलट स्वतःच्या खिशातनं देतो, आणि मग स्ट्रॉसला कॅम्पमधनं हाकलून देतो. डाउन्सची बायको ईडिथ आणि पोरगं पण परत भेटतात, त्यांना मदत कर. ऑनर, म्हणजे गेम मोजतो तो चांगुलपणा, वर ठेव, शेवट लई वेगळा लागतो, सूर्य उगवताना बघत असतो तो.

बाकी गाडी हळू चालव. चॅप्टर 2 मधी हॉर्सशू ओव्हरलुकच्या कॅम्पला जमंल तितकं राहा, कारण टोळीतली उरलेली सगळी माणसं जिवंत आणि खुशीत असलेला काळ तेवढाच हाय. पकडला गेलेला शॉन सुटून परत येतो त्या रात्रीची पार्टी सोडून झोपू नको, एकेकाजवळ जाऊन उभा राहा, लेनी, होझिया, सगळे बोलत असतात.

आणि डायरी वाच. आर्थर चांगली चित्रं काढतो, जनावरं, डोंगर, माणसं. पुढं एपिलॉगमधी, म्हणजे शेवटच्या भागात, तीच डायरी टोळीतल्याच जॉनकडं येते आणि त्याची चित्रं पार वेडीवाकडी, पण लिहीत राहतो बिचारा. पहिल्यांदा मी ती पानं उघडलीच नव्हती, दुसऱ्यांदा ती उलटत रात्री दोन वाजेपर्यंत बसलो.