वाचकांचे प्रश्न : सोफ्यापासून मांजराला दूर ठेवणारे वास

प्रश्न : आमचा दोन वर्षांचा बोका सोफ्याचा एकच कोपरा ओरबाडतो. संत्र्याची सालं ठेवली तर दोन दिवस थांबला, मग पुन्हा सुरू. वासाचा उपाय खरंच लागू पडतो का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बऱ्याच मांजरांना लागू पडतो, पण नुसता वास पुरत नाही. मांजराच्या बोटांमध्ये गंधग्रंथी असतात. ओरबाडताना त्यांचा वास कापडावर उतरतो आणि तो वास व ओरखडे मिळून त्याची हद्दीची खूण तयार होते. खूण फिकी पडली की ती ताजी करायला ते तिथेच परत येतं. म्हणून आधी तो कोपरा धुऊन काढा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारा एन्झाइम क्लीनर (वासाचं मूळच मोडून काढणारं द्रावण) सगळ्यात चांगला. तो नसेल तर लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर सौम्य लिक्विड सोप घालून स्पंजने पुसा, मग साध्या पाण्याने पुसून पंख्याखाली पूर्ण वाळवा. वर सुगंध मारला आणि खाली जुनी खूण तशीच राहिली, तर मेहनत वाया जाते.

सालींचा असर दोन दिवसांत गेला, कारण सालीतलं तेल उडून जातं. वाळलेली साल मांजराच्या दृष्टीने निव्वळ कचरा. त्यापेक्षा चार संत्र्यांची ताजी सालं अर्धा लिटर पाण्यात मंद आंचेवर पंधरा मिनिटं उकळा, गार करा आणि दाट कापडातून गाळा. नीट गाळलं नाही तर स्प्रेचं तोंड तुंबतं. फ्रिजमध्ये हे पाणी चार-पाच दिवस टिकतं. वीतभर अंतरावरून कापड जेमतेम ओलसर होईल इतकंच फवारा, पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ. फिकट कापडावर पिवळट डाग पडू शकतो, म्हणून आधी सोफ्याच्या मागच्या खालच्या भागावर फवारून एक दिवस वाट बघा. मांजराच्या ताटलीजवळ किंवा वाळूच्या ट्रेजवळ मात्र हे मुळीच फवारू नका. ट्रेला वास लागला तर ते शी-शू दुसरीकडे करू लागेल.

आता खरं काम. वासाने मांजराला ‘इथे नको’ एवढंच कळतं. ‘मग कुठे’ याचं उत्तर तुम्ही द्यायचं, कारण ओरबाडणं बंद करता येत नाही. नखांवरचं जुनं कवच त्यानेच सुटतं आणि झोपेतून उठल्यावर अंगही त्यानेच ताणलं जातं. त्यासाठी ओरबाडायला वेगळा खांब द्या. तो घरी करायचा तर तीन इंची चौकोनी लाकूड घ्या, उंची निदान 80 सेंटिमीटर. त्याहून बुटका असेल तर मोठ्या बोक्याला पूर्ण ताणता येत नाही आणि तो सोफ्याकडे वळतो. तळाला 18 मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा 45 बाय 45 सेंटिमीटरचा तुकडा खालून चार लांब स्क्रूंनी बसवा. उभ्या लाकडावर 8 मिलिमीटर जाडीचा घायपाताचा दोर गुंडाळा. साधारण 32 ते 35 मीटर लागतो. फेरे एकमेकांना घट्ट भिडवा, दर चार-पाच फेऱ्यांनी लाकडाला फेव्हिकॉल लावा आणि दोन्ही टोकं खिळ्यांनी पक्की करा. खिळ्यांची डोकी वर राहू देऊ नका. काथ्याही चालतो, पण त्याचे तंतू लवकर निघतात. खांब एकदा जरी हलला किंवा अंगावर आला, तर मांजर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. बहुतेक विकतचे खांब इथेच फसतात.

हा खांब सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला चिकटून ठेवा. कोपऱ्यावर वास आणि शेजारी खांब, हीच जोडी काम करते. बोका खांब नियमित वापरू लागला की दर आठवड्याला वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. घाईने लांब नेलात तर तो सोफ्याकडे परत येईल. काही मांजरांना उभं नव्हे, आडवं ओरबाडायचं असतं. सतरंजीवर पंजे चालत असतील तर खांबाऐवजी दोर गुंडाळलेली फळी जमिनीवर ठेवा.

प्रश्न : सालींऐवजी निलगिरी, टी ट्री किंवा सिट्रोनेलाच्या तेलाचे थेंब टाकले तर वास जास्त टिकेल ना? – एक वाचक, नाशिक

उत्तर : टिकेल, पण कृपया टाकू नका. अशा तेलांमधले काही घटक निकामी करून शरीराबाहेर टाकणारी यकृताची यंत्रणा मांजरात फार कमजोर असते. मांजराने तेल चाटायलाच हवं असंही नाही. ते त्वचेतून आत जातं, डिफ्यूझरमधले (सुगंध हवेत पसरवणाऱ्या यंत्रातले) कण केसांवर बसतात आणि अंग चाटताना पोटात जातात. काळं फिनाईल, डेटॉल, डांबराच्या गोळ्या आणि कापूर हेही मांजराच्या वाटेवर ठेवू नका. तिखट किंवा मिरपूड भुरभुरणं तर क्रूरच. ती पंजाला लागते आणि तोच पंजा डोळ्यांवर फिरतो.

लाळ गळणं, अडखळत चालणं, थरथर, उलटी यांपैकी काही दिसलं आणि अंगाला तेल लागलेलं असेल, तर भांड्यांच्या सौम्य लिक्विडने कोमट पाण्यात अंग धुवा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. बाटली सोबत घ्या. मुद्दाम उलटी काढायला लावू नका.

प्रश्न : सागवानी पलंगाच्या पायांवर व्हिनेगर मारलं तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : थेट नको, पॉलिश पांढरट पडतं. एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात कापडाची पट्टी भिजवून घट्ट पिळा, आणि पायाला आधी प्लॅस्टिक गुंडाळून त्यावर बांधा. पट्टी वाळली की वास जातो, म्हणून रोज भिजवावी लागते. खाली शहाबादी किंवा कडप्प्याची फरशी असेल तर थेंब लगेच पुसा, आम्लाने दगडाची चकाकी जाते. एवढी उठाठेव नको असेल तर पायांना दुतर्फी चिकटपट्टी लावा. पंजाला चिकटणारं काही मांजराला आवडत नाही. मात्र पॉलिशवर ती फार दिवस ठेवू नका.

प्रश्न : फेरोमोन स्प्रे आणि संत्र्याचं पाणी दोन्ही वापरू का? – एक वाचक, पणजी

उत्तर : एकाच जागी नको. फेरोमोन म्हणजे प्राण्यांचे एकमेकांना खूण देणारे गंध. बाजारातला नेहमीचा स्प्रे मांजराच्या गालांच्या वासाची नक्कल असतो. गाल घासलेली जागा त्याला ओळखीची, निवांत वाटते आणि तिथे ओरबाडण्याची गरज कमी होते. संत्र्याचा वास त्याला उलट तिथून हाकलतो. फेरोमोन वापरायचा तर जागा धुऊन, वाळवून त्यावर फवारा आणि पंधरा मिनिटं मांजराला खोलीबाहेर ठेवा, कारण त्यातलं अल्कोहोल उडून जावं लागतं. खांबावर तो फवारू नका, नाहीतर मांजर खांबही ओरबाडायचं सोडेल. खांबावर हवी तर वाळवलेली कॅटनिप (बऱ्याच मांजरांना भुरळ घालणारी पुदिन्याच्या कुळातली वनस्पती) चोळा. मात्र काही महिन्यांच्या पिल्लांवर आणि बऱ्याच मोठ्या मांजरांवरही तिचा काहीच परिणाम होत नाही.