जर्मनीत काच शिकायला येण्याआधी मोरबीला जाऊन ये

तू विचारलंस: बडोद्यात टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए दहापैकी ७.६, जर्मनीत काच आणि सिरॅमिक्समध्ये मास्टर्स करायचंय, पण घरचे म्हणतात डेटा सायन्स कर. मीही त्याच फॅकल्टीतला, दांडिया बाजारात वाढलेला. अकरा वर्षं झाली, जर्मनीतल्या येना गावात असतो. वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस.

आधी कागदपत्रं, ती पटकन संपतात. जर्मन श्रेणी काढायची तर कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, कमाल आणि उत्तीर्ण यांच्यातल्या फरकाने भाग, तिनाने गुण आणि एक मिळव. उत्तीर्ण ४ धरलं तर तुझे २.२ येतात. इकडे १ म्हणजे अव्वल आणि ४ म्हणजे काठावर पास. बऱ्याच ठिकाणी २.५ पर्यंत चालतं, तेव्हा गुणांची काळजी सोड. एपीएसचं, म्हणजे भारतातल्या पदव्या खऱ्या आहेत का हे तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं, प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, ते आत्ताच सुरू कर. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र आपल्यासारख्यांकडून सेमिस्टरला १,५०० युरो घेतात. शिकायच्या जागा मोजक्याच: येना, सॅक्सनीतलं फ्रायबर्ग, आखेन, क्लाउस्टाल. आखेन सोडलं तर सगळी लहान गावं. रात्री अकराला शेव-उसळ मिळेल ही आशा ठेवू नकोस.

आता जे तू विचारलं नाहीस ते सांगतो. पहिल्या सेमिस्टरला मी पोर्सेलीनचा एक नमुना भाजला होता. भट्टी १,३५० अंशांवरून उतरत होती. शुक्रवारची संध्याकाळ, मला घरी जायची घाई. कंट्रोलरवर ६१० दिसलं, आतली लाली जवळजवळ विझलेली. म्हटलं, झालंच आता, आणि दार चार बोटं उघडून ठेवलं. थोड्या वेळाने आतून टिक्, टिक्, मग एकदम खण्‌. नमुन्याला आरपार तडा. लॅबमधल्या म्हाताऱ्या तंत्रज्ञाने तो तुकडा हातात फिरवला आणि एकच शब्द बोलला: ‘क्वार्त्सश्प्रुंग’. क्वार्ट्झची उडी. ५७३ अंशांना पोर्सेलीनमधल्या क्वार्ट्झच्या स्फटिकाची रचना बदलते आणि गार होताना तो एका दमात आकसतो. भोवतालचा काचेसारखा भाग तसा आकसत नाही. हेच उत्तर मी बडोद्याला परीक्षेत लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते.

त्या शब्दावरूनच सांगतो, अभ्यासक्रम इंग्रजीत मिळेल, पण भट्टीपाशी कुणी इंग्रजी बोलत नाही. जर्मन भाषेची बी-१ पातळी झाल्याशिवाय विमानात बसू नकोस.

थर्मोडायनॅमिक्सचं भय वाटतं असंही लिहिलंस. त्याला भिऊ नकोस, फक्त त्याची हद्द ओळख: काय व्हायला हवं ते ते सांगतं, किती वेळात होईल ते नाही. वितळलेली वाळू आणि सोडा गार झाले की त्यांचे स्फटिकच व्हायला हवेत, कारण मुक्त ऊर्जा स्फटिकातच कमी असते. काच होते ती निव्वळ उशिरामुळे: रस इतका घट्ट होत जातो की अणूंना आपापली जागा गाठायला वेळच मिळत नाही. आईच्या पाकात हेच चालतं. पाक दाणेदार होऊ नये म्हणून ती लिंबू पिळते. आम्लाने थोड्या साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि अशा मिसळलेल्या गर्दीत स्फटिकाची रांग लागत नाही. काचवाले चुनखडीच्या जोडीला डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेला चुनखडीसारखा दगड) घालतात, त्यात हाही एक हेतू असतो. पाक नीट समजलेला मुलगा फेज डायग्रामला, म्हणजे कुठल्या तापमानाला काय वितळलेलं आणि काय घट्ट ते दाखवणाऱ्या नकाशाला, घाबरत नाही.

आणि घरच्यांना पगाराचं ऐकायचं असेल तर हे सांग. कच्च्या मालापासून एक टन साधी काच करायला कागदावर साधारण २.७ गिगाज्यूल उष्णता लागते. चांगली मोठी भट्टी प्रत्यक्षात चारच्या आसपास खाते. वरचं सगळं धुरातून आणि भिंतींतून जातं. फुटक्या काचेचा चुरा दहा टक्के वाढवला की अडीच-तीन टक्के ऊर्जा वाचते, कारण सोडा आणि चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड हाकलायचा खर्च त्या चुऱ्याच्या पहिल्या जन्मातच भरून झालेला असतो. २०२२ मध्ये इथे गॅसचे भाव भडकले, तेव्हा हे हिशेब मांडणारी माणसं एकाएकी सगळ्यांना आठवली. मी त्यातलाच एक. दिवसभर संगणकावरच असतो, म्हणजे घरच्यांचा डेटाही सुटत नाही.

पण काम थोडं आणि जागा त्याहून थोड्या. म्हणून एवढं ऐक: अर्ज भरण्याआधी दीड-दोन महिने मोरबीला एखाद्या टाइल्सच्या कारखान्यात काढ. ओळख काढ, फुकट राब, पण भट्टीजवळ राहा. जंबुसरला जमलं तर आणखी बरं. १८८४ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आबे आणि सूक्ष्मदर्शक बनवणारा झाइस यांच्या साथीने रसायनशास्त्रज्ञ ओटो शॉटने इथे येनात काचेची प्रयोगशाळा काढली. त्याच्या नावाच्या कंपनीच्या औषधी काचनळ्या तुझ्या घरापासून दीड-दोन तासांवर, त्याच जंबुसरला बनतात, आणि तू त्या शिकायला सहा-सात हजार किलोमीटर यायला निघालायस! आलास तर आनंदच आहे, पण आधी शेजारचं बघ. त्या उकाड्यात आठवड्याभरात जीव कंटाळला तर डेटा सायन्सवाले घरचे बरोबर होते असं समज. त्यात कमीपणा काही नाही, माझ्या बॅचचे निम्मे तिकडेच गेले.

हिवाळी सत्राचे अर्ज पुष्कळ ठिकाणी १५ जुलैपर्यंत असतात, काही ठिकाणी त्याआधीच बंद होतात. विद्यापीठाच्या पानावर नीट बघून घे. मोरबीहून परतलास की लिही. भर दुपारी भट्टीसमोर उभं राहून कसं वाटलं ते आधी कळव, मार्कशीट नंतर पाठव.