वीज गेली तरी वायफाय हवं

प्रश्न : ताई, पावसाळ्यात आमच्याकडे वीज दोन-दोन तास जाते आणि मुलीचा ऑनलाइन क्लास बुडतो. घरात १०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. तिच्यावर राऊटर चालेल का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : चालेल, पण आधी राऊटर उलटा करून मागचं लेबल वाचा. १२ व्होल्ट लिहिलं असेल, तर पॉवर बँकेच्या ५ व्होल्टचे १२ करणारी केबल मागा. राऊटर ९ व्होल्टचा असेल तर ही केबल मुळीच लावू नका. पिनेचं माप आणि प्लस-मायनसची खूण अडॅप्टरवरून जुळवून घ्या. उलटं लागलं तर राऊटर जळू शकतो.

१०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा, म्हणजे ३७ वॅट-तास. व्होल्टेज वाढवताना बरंच वाया जातं. मी २५ वॅट-तासच धरते. राऊटरने ८ वॅट खाल्ले तरी तीन तास निघतात. तो सारखा रिस्टार्ट होत असेल, तर पॉवर बँक कमी पडतेय.

फायबरचा डबा (इंटरनेटची तार घरात येऊन जिथे जोडलेली असते तो) राऊटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी. हे लोक हमखास विसरतात, मग वायफायच्या दांड्या पूर्ण आणि नेट शून्य!

वीज गेल्यावर अडॅप्टरची पिन काढून पॉवर बँकेची लावताना राऊटर एकदा बंद पडणारच. क्लासमध्ये तेवढाही खंड नको असेल, तर सरळ राऊटरचा मिनी यूपीएस घ्या, म्हणजे वीज जाताच आपोआप बॅटरीवर चालवणारा छोटा डबा. आणि पॉवर बँक फुगलेली असेल तर हा उद्योग करूच नका.