अकराचा चहा टेबलावर का मागवू नये

प्रश्न असा आहे: 'घरून चहा पिऊनच निघतो, तरी अकरा वाजले की ऑफिसातले सगळे पुन्हा चहाला खाली उतरतात. पंधरा मिनिटांत एवढं काय सुख असतं? टेबलावरच मागवला तर चालत नाही का?'

चालतं. पण मग तो अकराचा चहा राहत नाही, नुसता चहा होतो.

मी म्हापशात एका सीएच्या ऑफिसात हिशेब लिहिते. आमच्या गोव्यात कामाच्या दिवसाचे दोन तुकडे पडतात. बाजारातली बरीच दुकानं दुपारी एकला शटर ओढतात, ती तीन-साडेतीनला उघडतात. त्यामुळे जे काय रेटायचं ते नऊ ते एकमध्ये, आणि हा चहा येतो त्याच्या मधोमध. घरचा सकाळचा चहा मी हिशेबात धरतच नाही. एकीकडे डबा भरायचा, दुसरीकडे मुलाच्या नावाने ओरडायचं आणि मध्येच आठवण झाली की एक घोट. संध्याकाळचा चहा दमून घेतलेला असतो. अकराच्या चहाची मात्र कुणालाच गरज नसते. झोप उडालेली असते, जेवायला अवकाश असतो, काम नुकतं कुठे हाताला लागलेलं असतं, आणि नेमकं तेव्हाच ते टाकून उठायचं. मजा त्या उठण्यात आहे.

आमच्या ऑफिसात सगळ्यात ज्येष्ठ काका आहेत, ते आधी चष्मा काढून ठेवतात. मग दारातूनच हाक येते, "यो गो, चा घेवया." की लगेच चार खुर्च्या मागे सरकतात. साहेबांनाही ठाऊक आहे, त्या वेळात ते कुणाला हाक मारत नाहीत.

हॉटेल रस्त्यापलीकडे आहे. हॉटेल म्हणजे सहा टेबलं, गल्ल्याच्या मागे गणपती आणि कॅलेंडर, आणि काचेच्या कपाटात मिरच्यांची भजी, कापां (तळलेल्या चकत्या), बटाटवडे. भाजीत रोज दोन-तीन प्रकार: पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, नाहीतर दोन्ही एकत्र करून 'मिक्स'. पण मी बघते ते बनकडे. बाहेरच्यांना बन म्हटलं की बेकरीतला गोल पाव आठवतो. हा तो नव्हे. पिकलेली केळी कुस्करून, साखर, दही आणि जिरं घालून मैदा मळायचा, पीठ रात्रभर ठेवायचं आणि सकाळी जाडसर पुरी लाटून तळायची, हा आमचा बन. मूळचा मंगळूरकडचा म्हणतात, पण आता गोव्यातल्या कुठल्याही हॉटेलात मिळेल. कढईतून काढलेला गरम बन मधोमध फाडला की वाफ बोटांना लागते आणि आत जाळी दिसते. तो तुकडा पातळ भाजीत बुडवायचा. केळ्याचा गोडवा, भाजीचा तिखटपणा आणि वर गरम चहाचा घोट. मंगळुरात तो चटणीबरोबरही खातात, पण भाजीला तोड नाही, हे माझं ठाम मत.

ज्यांना बन गोड लागतो ते पाव घेतात. पाव पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, भट्टीतला, पहाटेचा. अकरापर्यंत त्याची पाठ थोडी कडक झालेली असते आणि भाजी पुसून घ्यायला तोच बरा. एके काळी पाव खाल्ला तर माणूस बाटला असं मानणारी आमची पूर्वज मंडळी, आणि आज गणपतीच्या फोटोखाली बसून नातवंडं पाव मोडतात. पणजीतलं कॅफे टाटो तर १९१३ पासून आहे. म्हणजे पोर्तुगीज राज्य असल्यापासून आम्ही हेच करतोय.

आता टेबलावरच्या चहाबद्दल. तोही मी पुष्कळ प्यायले आहे. जीएसटी भरायची २० तारीख जवळ आली की, आणि जुलै अखेरीस आयकराची रिटर्नं भरायची घाई असली की, आमचाही चहा कागदी कपात वर येतो. एक हात माऊसवर असतो. मध्येच क्लायंटचा फोन येतो, चहावर साय धरते. कप कधी रिकामा झाला ते कळत नाही, आणि झाला तरी समाधान नसतं. चहा तोच, हॉटेलही तेच.

कॅफिनमुळे तरतरी येते, म्हणून कुठेही प्यायला तरी एकच, असं माझा भाऊ म्हणतो. मेंदूत थकव्याची खबर देणारं अॅडेनोसिन असतं, त्याची जागा कॅफिन अडवतं, हे खरं. पण पोटात गेल्यापासून त्याचा पुरता जोर यायला अर्धा-पाऊण तास लागतो. आणि आम्हाला तर पहिल्या दोन घोटांतच बरं वाटतं. मग ते बरं वाटणं कशाचं? जिना उतरण्याचं, उन्हात रस्ता ओलांडण्याचं, आणि ज्या विषयाचा टॅलीशी, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी, काडीचाही संबंध नाही त्यावर बोलण्याचं. जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा आमच्या टेबलावर दुसरा विषयच नसतो. कुणाकडे सुके बांगडे उरलेत, कुणी कुठून तिसऱ्या (शिंपल्या) मिळवल्या. ऑगस्ट लागला की तेच सगळे बाजारभाव सांगतात. या चहामुळे पुढचं काम भराभर होतं असं मी सांगणार नाही. होत असेल, नसेल. तेवढ्यासाठी मी खाली जात नाही.

तब्येतीचं म्हणाल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवून धरतं. आठची न्याहारी आणि एकचं जेवण धरलं तर अकराची वेळ अगदी चोख बसते. पाव-भाजीबरोबरच चहा घेतला की हा हिशेब तिथल्या तिथे कोसळतो, ते मला ठाऊक आहे. त्याच तत्त्वांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन ठीक म्हटलंय आणि १५० मिली चहात ते ३० ते ६५ धरलंय. हॉटेलातला ग्लास त्याहून लहानच असतो.

कॉफी चालेल का? का नाही. आमच्यातली एकजण पलीकडच्या उडपी हॉटेलातून फिल्टर कॉफी घेऊन येते आणि आमच्यातच येऊन बसते. ती गार करायला पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतावी लागते, दोन्ही हात गुंतलेले. फोनला हात लावायची सोयच नाही. चहा पिणाऱ्या आम्हा लोकांना ती शिस्त नाही.

तुमचे लोक खाली उतरतात, म्हणजे खाली काहीतरी बरं मिळत असणार. उद्या त्यांच्याबरोबर जा. फोन वरच ठेवा. पहिल्या दिवशी बिल तुम्हीच द्या, म्हणजे परवा तेच तुम्हाला हाक मारतील.